दोन्ही हातांचा रामराम

"गाडी अंगावर आली तेव्हा ड्रायव्हरचे हात कुठं होते?" गुप्ते वकिलांनी पानाला चुना लावता लावता अगदी सहज विचारलं, आणि तुळशीराम घरतच्या हातातला चहा बशीत सांडला. प्रश्न तसा काही अवघड नव्हता. आजवर ते असलेच प्रश्न विचारत आले होते. गाडी जोरात होती का, भोंगा वाजला का, तुम्ही कडेला होतात की रस्त्यात. तुळशीरामही उत्तरं देत आला होता, कधी हो, कधी नाय, कधी नुसतीच मान. पण हातांचं कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, डॉक्टरांनी नाही, गिरणीतल्या हमालांनीही नाही, आणि त्यांना तर जगातल्या सगळ्या चौकशा असत. बायकोच्या मागं ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेलं तिचं लुगडं कुणी परक्यानं सहज बाहेर ओढावं, तसं त्याला झालं. खुर्चीवर बसला तरी त्याचा डावा पाय पुढं सरळ ताठ राहायचा, आणि वकिलांचा कारकून येता-जाता तो ओलांडायचा. तुळशीरामनं तो पाय उगाच दोन्ही हातांनी उचलून जरा बाजूला ठेवला. "ध्यानात नाय," तो म्हणाला. वकिलांनी पान तोंडात घातलं. "ध्यानात आणा. परवा अलिबागला तारीख आहे. विमा कंपनी म्हणते तुम्ही आपणहून गाडीपुढं आलात. ड्रायव्हर तेच म्हणतो. साक्षीदार नाही. मग मी कोर्टाला दाखवू काय? तुमचा पाय? पाय सगळ्यांनाच दिसतोय हो. तो मोडला कुणाच्या चुकीनं, ते दिसायला हवं." नुसता मोडका पाय कामाचा नाही, त्याला कुणाची तरी चूक जोडावी लागते, हे तुळशीरामला या दाव्यापायीच कळलं होतं. एवढ्या वयात नवं काही कळावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

माडीचे जिने तो बाजूनं उतरला. उजवा पाय खाली, मग डावा, ओझ्यासारखा. खाली बाजारात दुपारची सुस्ती होती. तांदळाच्या गिरण्यांचा घर्र आवाज मात्र चालूच होता. पनवेलमध्ये तो आवाज कोणाला ऐकू येत नाही, बंद पडला तरच माणसं मान वर करतात. तुळशीरामला हल्ली तो ऐकू यायचा. वीस-बावीसचा असताना तो तळोज्याकडच्या खाडीकाठच्या खाजणातून इथं आला आणि गिरणीत मापाडी म्हणून लागला. भाताच्या राशीपुढं दोन्ही टाचा टेकून उकिडवं बसायचं, पायली भरायची, हातानं सपाट करायची, ओतायची, आणि पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून पुढं मोजत जायचं. त्याचा आवाज चांगला होता. शेठ म्हणायचा, तुळशीराम मोजतो तेव्हा भातसुद्धा गप्प बसतं. आता गुडघा मोडत नव्हता. सगळं आयुष्य आपण खाली बसून काढलं, हे त्याला उभं राहावं लागल्यावर उमगलं. मापायला खाली बसायचं, जेवायला खाली, चूल फुंकायला खाली, चार माणसांत बोलायला खाली. देवळाच्या ओट्यावर सगळे मांडी घालून बसायचे आणि हा खांबाला टेकून उभा, पंगतीत वाढपी राहावा तसा. पहिल्यांदा लोक म्हणाले, अरे ये, बस. मग म्हणाले, ह्याला एक स्टूल द्या रे. स्टुलावर बसलं की सगळ्यांची डोकी खाली आणि आपलं एकट्याचं वर. वरून माणसांशी बोलता येत नाही. बोलायला गेलं तर गंमत निघून जाते, जाब विचारल्यासारखं होतं. हळूहळू त्यानं ओट्यावर जायचं सोडलं, आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. शेठनं थोडे दिवस गोणी शिवायचं काम दिलं, मग तेही संपलं.

हात कुठं होते. त्याला हसू आलं आणि लगेच गेलं. हात कुठं होते ते जगात दोनच माणसांनी पाहिलं होतं. चीनच्या लढाईच्या साली, माघातली सकाळ होती. गिरणीचं भात तळोज्याच्या एका खळ्यावर मोजायचं होतं, म्हणून तो पायली खांद्यावर घेऊन कडेकडेनं चालला होता. रोडपालीच्या पुढं रस्त्याला एक वाक आहे, जांभळीच्या झाडाजवळ. वाकावरून समोरून टॅक्सी आली, रिकामीच. काचेमागं काशिराम भोईर. काशिराम म्हणजे त्याचा व्याही, मुलीचा, वेणूचा सासरा. तुळशीरामनं सवयीनं मान फिरवायला घेतली, कारण दोघांचं बोलणं नव्हतं. दोन वर्षं नव्हतं. वाटेत भेटले की एकानं झाडाकडं बघायचं, दुसऱ्यानं खाडीकडं, असा रिवाजच पडला होता. पण त्या दिवशी मान फिरवता फिरवता त्याला दिसलं, काचेमागं दोन हात वर येत होते. एक नाही, दोन. चाकावरून उठले, छातीपाशी एकमेकांना मिळाले, कपाळापर्यंत गेले, आणि काशिरामनं मानसुद्धा खाली घातली. घाईघाईनं तुळशीरामनं पायली खाली टाकली आणि आपले हात जोडले. रस्त्याला वाक होता, गाडीला ते ठाऊक नव्हतं. ती सरळ आली. बाजूला उडी मारायची तर जोडलेले हात सोडायला हवे होते. ते त्याच्यानं झालं नाही, खरं म्हणजे सुचलंच नाही. काशिरामची खाली घातलेली मान वर आली तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं. त्यानंतरचं आठवतं ते फक्त रस्त्यावर गरगर फिरत जाणाऱ्या पायलीचा आवाज.

हे एवढंच. पण हे कळायला लग्न ठाऊक हवं. वेणूच्या लग्नात, मांडवात, व्याहीभेटीच्या वेळी काशिराम एका हातानं रामराम करून मोकळा झाला. दुसऱ्या हातात सिगरेट होती, नवीनच टॅक्सी चालवायला लागला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. कदाचित त्याच्या मनात काहीसुद्धा नसेल. पण तुळशीरामची बायको वेणू लहान असतानाच गेली होती, पोरीला त्यानं एकट्यानं न्हाऊ घालून, वेण्या घालून वाढवली होती, आणि त्या दिवशी ती जाणार होती. सगळा दिवस त्याला कुठंतरी रडायचं होतं आणि जागा मिळत नव्हती. ते रडू रागावाटे बाहेर आलं. "येका हातान रामराम आमी कुत्र्याला पन करीत नाय," तो भर मांडवात म्हणाला. बायका गाणं म्हणत होत्या त्या थांबल्या. काशिरामनं सिगरेट टाकली, पायानं विझवली, आणि म्हणाला, "मंग तुजे घरात कुत्रा येनार नाय." झालं. मुलगी गेली, जेवणं झाली, मांडव उतरला, आणि ते वाक्य तेवढं उभं राहिलं. वेणूला माहेरी धाडायचं नाही. तुळशीरामनं व्याह्याच्या गावी, रोडपालीत जायचं नाही. तो गावाबाहेर खाजणाच्या बांधावर उभा राहायचा, आणि वेणू पाण्याच्या निमित्तानं येऊन भेटून जायची, चोरून भेटावं तशी. बापाला हे बरं दिसतं का? त्याला बरं दिसत नव्हतं. पण पहिला हात कोणी जोडायचा हा प्रश्न होता, आणि जगात लढाया यापेक्षा मोठ्या कारणावरून होतात असं त्याला वाटत नव्हतं.

म्हणजे त्या सकाळी काशिराम नुसता रामराम करत नव्हता. दोन वर्षं गिळलेली गोष्ट तो परत देत होता. आणि ती देताना एका हातानं देणं त्याला शक्यच नव्हतं, एक हात चाकावर ठेवला असता तर तो पुन्हा कुत्र्याचाच रामराम झाला असता. हे जगातल्या कुठल्या वकिलाला सांगायचं? गुप्त्यांना सांगितलं तर ते टाळी वाजवतील. चालत्या गाडीचं चाक सोडलं! ह्यापेक्षा मोठी चूक कोर्टाला काय हवी? आयुष्यात आपल्याला कोणी एवढा मान दिला नाही, आणि कागदावर त्याचं नाव निष्काळजीपणा. तुळशीराम इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा हवालदार उशाशी होता. "आडवा आलास का?" त्यानं विचारलं. तुळशीरामनं डोळे मिटले. "ध्यानात नाय." तेव्हापासून हे उत्तर त्याच्या तोंडी बसलं ते बसलंच. काशिराम इस्पितळात आला नाही. येईल, आज येईल, उद्या येईल, असं प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तो दाराकडं बघायचा. पहिल्या दिवशी नाही आला तर त्याला वाटलं, घाबरला असेल. पुढं वाटलं, शरमला असेल. मग कळलं की पोलिसांपुढं काशिरामनं लिहून दिलं आहे, हा इसम कडेवरून एकदम गाडीपुढं आला. टॅक्सीच्या मालकानं तसं सांगायला लावलं म्हणे. तेही तुळशीरामला समजण्यासारखं होतं. मालकापुढं आपणही तसंच केलं असतं. फक्त एकदा यायचं होतं. खाटेशी बसायचं होतं, काही न बोलता, बिडी ओढत. मग पाय गेला तर गेला असता.

दावा त्यानं लावला तो कोणावर रागावून नाही. गुप्ते वकीलच म्हणाले होते, पैसे काशिरामचे नाहीत, मालकाचे नाहीत, मुंबईच्या विमा कंपनीचे आहेत, कंपनी त्यासाठीच असते. कोणाच्याच खिशातून जात नाहीत असे पैसे असतात, हे ऐकून त्याला आश्चर्य वाटलं होतं. हातात काम नव्हतं, खोलीचं भाडं थकत होतं, आणि चूल उभ्यानं फुंकता येत नव्हती. त्यानं अंगठा दिला. अंगठा देताना त्याला वाटलं नव्हतं की त्यासाठी एक दिवस कोर्टात उभं राहून काशिरामकडं बोट दाखवावं लागेल.

तो खोलीवर आला तर दारात वेणू बसलेली. कडेवर गोदू, वर्षाची, नाकाला शेंबूड. वेणू आता बांधावर नाही, सरळ घरी यायची. अपघातानंतर तिला कोणी अडवत नव्हतं. बापाचा पाय मोडून पोरीला माहेर मिळालं, असं तो एकदा थट्टेनं म्हणाला होता आणि ती रडली होती. तिनं फडक्यातून भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली. गोदू लगेच त्याच्या ताठ पायावर चढून बसली. तिला तो पाय फार आवडायचा. बाकी कोणाचे पाय असे सरळ राहत नाहीत, हलतात, ह्याचा नुसता पडून असतो. ती त्यावरून घसरायची, पुन्हा चढायची. या एका जिवाला आपल्या पायाचा उपयोग आहे, असं त्याला वाटायचं, आणि तेवढ्यापुरता तो खूश असायचा.

"परवा तारीख हाय ना, बा?" वेणू म्हणाली.

"हां."

"तू काय सांगनार?"

"काय सांगू?"

तिनं भाकरीच्या फडक्याची घडी घातली. "मना सगला म्हायत हाय. त्या दिशी घरी येऊन ते रडले. सासूजवल रडले, मी चुलीपाशी होते. 'मी हात जोडले आनि सगला घात जाला,' असा बोलले. मंग कंदी बोलले नाय." रडला. काशिराम रडला. तुळशीरामला ते पुन्हा ऐकायचं होतं, पण वेणू पुढं गेली होती. "मालक म्हनतो, कोर्टात चाक सोडलेला निघाला तर गाडी काढून घीन. लायसन पन जाईल. घरात सात मानसा खातात त्या गाडीवर, बा. गाडी जोरात होती म्हन, भोंगा नाय वाजवला म्हन, काय पन म्हन. हाताचा नको काढू." तिनं त्याचा पंजा उचलला आणि गोदूच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ घे." पोरीचं डोकं ऊन होतं, जावळ घामानं ओलं. "नाय काढनार," तो म्हणाला. त्यात त्याला जड काही गेलं नाही. न सांगणंच त्याला हवं होतं. तो रामराम त्याच्याजवळ राहिला तरच तो त्याचा होता. जाताना वेणू म्हणाली, "ह्ये सगला निपटला ना, की मी त्यांना हितं घेऊन येनार. बोलतील ते. बोलायचा हाय त्यांना." तेवढ्या वाक्यावर तो दोन दिवस जगला. स्टोव्ह आणायला हवा, चहा उभ्यानं करता येईल, कप दोन आहेत त्यातल्या एकाचा कान तुटलाय, तो आपण घ्यायचा.

अलिबागच्या कोर्टात पंखा होता आणि तो फिरत नव्हता. काशिराम समोरच्या बाकावर, मालकाच्या शेजारी, काळ्या चष्म्याशिवाय. केस पिकले होते. तुळशीराम त्याच्याकडं बघत राहिला, पण काशिराम जमिनीकडं बघत होता. साक्षीच्या पिंजऱ्यात कारकुनानं स्टूल दिलं. तुळशीरामनं नको म्हटलं, उभाच राहिला. गुप्त्यांनी विचारलं त्याला तो जमेल तसं बोलला. गाडी जोरात होती. मी कडेला होतो. भोंगा नाय. हात? ध्यानात नाय. गुप्ते खाली बसले तेव्हा त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. मग कंपनीचे वकील उठले. मुंबईचे, आवाज मऊ, एकेक शब्द पुसून ठेवणारा. तुळशीरामला ते आवडले. ते त्याला 'घरत' म्हणत होते, अहो-जाहो करत होते.

"घरत, हा ड्रायव्हर तुमचा व्याही ना?"

"हां."

"दोन वर्षं तुमचं बोलणं नव्हतं?"

"नव्हता."

"लग्नात चार माणसांदेखत तुम्ही त्याला कुत्रा म्हणालात?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. "तसा नाय," तुळशीराम म्हणाला, "पन हां."

"म्हणजे भांडण होतं. मी म्हणतो, त्या दिवशी याचीच टॅक्सी येताना पाहून, याला अडकवावं म्हणून तुम्ही मुद्दाम रस्त्यात उतरलात. पुढचं तुमच्या अंदाजाबाहेर गेलं."

"नाय."

"का नाही? माणूस तुमच्याशी बोलत नाही, तुमचं तोंड पाहत नाही, तुमच्या उंबऱ्याला येत नाही. तुमच्यात वैर होतं. आजही आहे. तो तुमच्याकडं बघतसुद्धा नाही, पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. काशिरामची मान खालीच होती. तुळशीरामच्या कानात गिरणीसारखं घर्र झालं. वकील खोटं बोलत होते असं नाही, उलट जे दिसत होतं तेच बोलत होते. समोर बसलेले न्यायाधीश ते लिहून घेत होते. वैर होतं. आजही आहे. ते एकदा लिहिलं गेलं की तेच खरं होणार होतं. मोडक्या पायासकट, इस्पितळातल्या दाराकडं बघण्यासकट आपण सोसलं ते कशाच्या आधारावर? त्या एका क्षणाच्या. आणि इथं भर कोर्टात तो क्षण झालाच नाही असं ठरत होतं, आणि आपण मान हलवून त्याला रुकार देत होतो. ते त्याला सहन झालं नाही. हलका माणूस असतो त्याला पैशाचा मोह होतो म्हणतात. तुळशीरामला त्या वेळी पैसा आठवलाही नाही, वेणू आठवली नाही, पोरीच्या डोक्याचा ऊन स्पर्शही आठवला नाही. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, ह्या माणसाशी त्याच्या व्याह्यानं समेट केला होता.

"भांडन मिटला होता," तो म्हणाला.

"मिटलं होतं? कोणी मिटवलं? पंच बसले होते?"

"पंच नाय."

"मग कुठं मिटलं?"

"रस्त्यात."

"कधी?"

"त्याच येलेला."

गुप्ते वकील खुर्चीत ताठ झाले. मुंबईच्या वकिलांना अजून काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारा गोंधळला. ते हसून म्हणाले, "गाडी अंगावर येताना भांडण मिटलं? ते कसं बुवा?"

"त्यानं रामराम केला," तुळशीराम म्हणाला, आणि एकदा तोंडातून निघाल्यावर ते थांबेना. "दोनी हातान केला. लग्नात येका हातान केला होता, त्यावरून तर सगला जाला. त्या दिशी त्यानं दोनी हात जोडले. कपालाला लावले. मान पन खाली घातली. येवरा मान मना कोनी दिला नाय, साहेब. मी पन जोडले. भांडन कवाच मिटला होता."

कोर्टात कोणी हसलं नाही. मुंबईचे वकील हातातला कागद खाली ठेवून उभे होते, आणि न्यायाधीशांची लेखणी जोरात चालली होती. गुप्त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून तुळशीरामला कळलं, आपण काय केलं ते. त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. काशिरामनं आता मान वर केली होती. दोन वर्षं आणि वर दीड वर्ष, एवढ्या काळात, ती एक सकाळ सोडली तर, पहिल्यांदा तो सरळ त्याच्याकडं बघत होता.

काशिराम पिंजऱ्यात गेला तेव्हा हात पाठीमागं बांधून उभा राहिला. वकिलांनी त्याला काय विचारलं ते तुळशीरामला नीट ऐकू आलं नाही. न्यायाधीशांचं ऐकू आलं. "चाक सोडून हात जोडले का? शपथेवर आहात, विचार करून बोला." काशिरामनं विचार केला. तुळशीराम बाकावर पुढं सरकला, ताठ पाय समोरच्या बाकाला आपटला. हो म्हण, तो मनातल्या मनात म्हणत होता. हो म्हण आणि माझा दावा जाऊ दे, पैसा जाऊ दे, दुसरा पाय घे. पण हो म्हटलं की दावा जात नव्हता, उलट काशिरामचीच गाडी जात होती, हे त्याला त्या क्षणी उलगडलं आणि तो तसाच तोंड उघडं टाकून बसला.

"नाय जोडले," काशिराम म्हणाला.

"नक्की?"

"मी ह्याला हात जोडीन कशाला, साहेब? ह्यानं मना भर मांडवात कुत्र्यात काढला. त्या दिशी नाय जोडले आनि कंदीच नाय जोडले." त्याचा आवाज फुटला. तो कशानं फुटला ते तुळशीरामला ठाऊक होतं, पण लिहिणाऱ्यांना आवाज लिहिता येत नाही.

परतीच्या एस.टी.त दोघंही होते. पनवेलची दुसरी गाडी नव्हती. पाय लांब करता येईल अशी एकच जागा होती, दारापाशी, आणि तिच्या शेजारी काशिराम आधीच बसला होता. कंडक्टरनं विचारलं, "दोघं बरोबर काय?" दोघांनी आपापले पैसे पुढं केले. मग त्यानं दोघांना वेगवेगळी तिकिटं फाडून दिली. पेणपर्यंत त्यांचे खांदे एकमेकांना लागत होते. तुळशीरामला एवढंच म्हणायचं होतं की मी ते पैशासाठी नाही बोललो. पण मग कशासाठी बोललास, असं काशिरामनं विचारलं असतं तर उत्तर तेच होतं, की तू हात जोडलेस म्हणून. पेणला पुढची जागा रिकामी झाली तशी काशिराम उठून तिथं गेला.

वेणू नंतर आली नाही. पहिले काही दिवस तुळशीरामनं दार उघडं ठेवलं. स्टोव्ह आणला होता, त्यावर तो उभ्यानं चहा करायचा आणि उभ्यानंच प्यायचा. श्रावण गेला, गौरी गेल्या. गिरणीतला जगन हमाल रोडपालीचाच होता. त्यानं एकदा बाजारात सांगितलं, काशिरामची गाडी मालकानं काढून घेतली, आता तो मिठागरात टोपल्या उचलतो. "आनि वेणू?" तुळशीरामनं विचारलं. "हाय ना," जगन म्हणाला, आणि घाईनं निघून गेला. एकदा तो काठी टेकत खाजणाच्या बांधापर्यंत गेला. पाण्याला बायका आल्या, त्यांत वेणू होती, तिनं पाहिलंही असेल. ती दुसऱ्या बायकांच्या मधून चालत गेली. गोदू तिच्या कडेवर नव्हती. म्हणजे ती आता चालायला लागली असणार, असा त्यानं हिशेब केला. आपण शपथ मोडली याचं पाप लागेल ते कुणाला, आपल्याला की पोरीला, हे कोणाला तरी विचारायला हवं होतं. विचारण्यासारखं कोणी नव्हतं.

निकाल लागला तेव्हा गुप्त्यांनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतलं. माडीवर पेढ्यांचा पुडा होता. वकील इंग्रजीत एक वाक्य वाचत आणि मराठीत सांगत होते, आणि सांगताना त्यांच्या मांडीवरचा पंचा घसरत होता. "ऐका. अर्जदाराने ही गोष्ट आपल्या बाजूनं न सांगता, उलटतपासणीत, स्वतःचा फायदा मनात नसताना सांगितली, म्हणून कोर्टाला ती विश्वसनीय वाटते. गाडी चालू असताना, वळणावर, समोर आपला व्याही दिसताच चालकानं चाकावरचे दोन्ही हात काढून त्यास नमस्कार केला, हे शाबीत झाले आहे. कळलं? शाबीत. त्यांच्याच वकिलानं जिंकून दिलं तुम्हाला!" मग त्यांनी रक्कम सांगितली आणि पेढा पुढं केला.

"परत वाचा," तुळशीराम म्हणाला.

गुप्ते खुशीत हसले. रक्कम सगळेच दोनदा ऐकतात. त्यांनी ती पुन्हा वाचली, आकड्यात आणि अक्षरात.

"ते नाय. हाताचा वाचा."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि बोटानं ओळ शोधून वाचलं. तुळशीराम पाय पुढं ताठ करून, मान थोडी कलती ठेवून ऐकत होता. वाचून झालं तरी तो तसाच होता.

"काशिरामचा नाव हाय त्यात?"

"आहे की. काशिराम भोईर, राहणार रोडपाली."

"दोनी हात, असा लिवलाय?"

"दोन्ही हात."

तुळशीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. पेढा तसाच हातात होता. "ह्ये त्याच्या घरी कोन वाचून दाखवल काय, वकीलसाहेब?"

"घरी कशाला?" गुप्ते म्हणाले. "त्याला नक्कल जाईल ना पोस्टानं. इंग्रजीत."